डाख की दाब?

२०२४ च्या नरकचतुर्दशीची पहाट. चार-सव्वाचारचा सुमार. बाहेर कुठेतरी पहिला फटाका वाजून गेला होता, उटण्याची वाटी तयार होती, आणि आमच्या मातोश्री ‘पहिली आंघोळ माझी’ हा आपला वर्षानुवर्षे अबाधित असलेला हक्क बजावण्यासाठी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभ्या होत्या. गीझर लावून वीस मिनिटे झाली होती. इतक्यात सौभाग्यवती थबकल्या आणि म्हणाल्या, “कसला हो हा वास?”

वास उटण्याचा नव्हता, उदबत्तीचा नव्हता. जळक्या मासळीसारखा होता, आणि चतुर्दशीच्या पहाटे कोल्हापुरात कोणी मासळी तळीत बसेल हे संभवत नव्हते. मी धावत जाऊन मुख्य स्विच पाडला. बॅटरीच्या उजेडात पाहतो तो गीझरच्या सॉकेटचा पांढरा चेहरा एका बाजूने भाजक्या पापडासारखा तांबूस झालेला, आणि प्लग आत असा रुतून बसलेला की निघता निघेना. भिंतीवर बोटभर काजळी. दारापासून हे अंतर हातभराचे. आई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. त्या क्षणी मी काही बोललो नाही. पुष्कळ वेळ बोललो नाही.

त्याच वर्षीच्या ८ ऑगस्टच्या रात्री आमच्या गावाचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले होते. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासून उभे असलेले ते थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती! खासबाग मैदानाच्या बाजूने ज्वाळा दिसत होत्या आणि माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. पुढचे दोन-तीन महिने कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी वायरिंगचाच विषय होता. मीही आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ‘जुने वायरिंग लोक तपासून का घेत नाहीत?’ या विषयावर तावातावाने बोललो होतो. आणि इकडे माझ्याच घरात, माझ्याच भिंतीत, हे शिजत होते.

त्या दिवशीचे अभ्यंगस्नान माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढून पार पडले. मिस्त्री आले ते पाडव्यानंतर. दिवाळीत मिस्त्री मिळवणे हे नोकरी मिळवण्याइतकेच वशिल्याचे काम आहे. त्यांनी सॉकेट खोलले, तारेचे टोक बाहेर ओढले, डोळ्यांजवळ धरले आणि विचारले,

“सर, ह्ये टोक कुणी झाळलंय?”

“मी,” मी म्हणालो.

“मग बरोबर हाय.”

काय बरोबर आहे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पण आता वाचकांपुढे कबुली द्यावयास हवी. दोन वर्षांपूर्वी तो सॉकेट मी स्वतः बदलला होता. तार होती बारीक बारीक केसांची. ती स्क्रूखाली घालू गेलो की चार-दोन केस बाहेर पिसकटत. लहानपणी वडिलांच्या रेडिओच्या नादाने मला सोल्डरिंगची विद्या थोडीफार अवगत झालेली. तेव्हा मी विचार केला, हे केस सगळे एकत्र करून त्यांच्यावर कथील-शिशाचे टोपण चढवले तर? तसे केले. टोक चांदीच्या काडीसारखे चकचकीत आणि ताठ झाले. ते स्क्रूखाली घालून मी करकचून आवळले आणि सौभाग्यवतींना बोलावून दाखवलेही. ‘असे काम मिस्त्री करीत नाहीत,’ हे माझे त्या वेळचे उद्गार. ते खरे होते. मिस्त्री तसे करीत नाहीत, आणि का करीत नाहीत ते मला पुढे कळले.

सोल्डर म्हणजे आपला डाख. कोणी डाक म्हणतात, कोणी डाग. गळक्या चरवीला लावून आणतात तोच. विजेच्या कामाचा डाख पूर्वीपासून बहुधा कथील साठ भाग आणि शिसे चाळीस भाग असा असतो. कथील एकटे वितळते २३२ अंश सेल्सियसला, शिसे एकटे ३२७ ला. पण दोघांची जोडी जमली की १८३ अंशांनाच पाझरू लागते. संसारातही पुष्कळदा दोन कठीण माणसे एकत्र येऊन मऊ होतात, तसेच. हा मऊपणाच डाखाचा गुण, आणि माझ्या सॉकेटात तोच दोष ठरला. शिसे-कथील ही जोडी न वितळताही, नुसत्या दाबाखाली, हळूहळू सरकते. मेणाच्या गोळीवर वरवंटा ठेवून द्या. आज काही दिसणार नाही, महिन्याने गोळी चपटी झालेली असेल. स्क्रूखालचे माझे चांदीचे टोक असेच दिवसागणिक चपटे होत गेले. स्क्रू होता तिथेच राहिला, खालचे टोक मात्र त्याच्यापासून बारीकसे सुटले. गीझर लावला की ते तापून फुगायचे, बंद केला की निवून आकसायचे, आणि प्रत्येक खेपेला थोडे अधिक सैल व्हायचे.

सैल झाले म्हणून काय बिघडले, असे पूर्वी मीही म्हणालो असतो. मिस्त्रींनी सांगितले ते मी नंतर कागदावर मांडून पाहिले. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर वीज ओढतो. सांधा चांगला असला तर त्याचा विरोध नगण्य. पण सैल होऊन तो एक-दशांश ओहम झाला, तरी त्या सुपारीएवढ्या जागेत साडेसात वॅट उष्णता जन्मते, रात्री लावायच्या लहानशा दिव्याइतकी. हवेशीर जागेत ती कळलीही नसती. भिंतीतल्या बंद पेटीत ती साठत जाते. सांधा आणखी बिघडून विरोध एक-तृतीयांश ओहम झाला की पंचवीस वॅट. आता माझ्या कपाटात जो सोल्डरिंग आयर्न आहे, ज्याने मी ते टोक झाळले, तो बरोबर पंचवीस वॅटचाच आहे! म्हणजे माझ्या सॉकेटाने स्वतःच एक सोल्डरिंग आयर्न तयार केला आणि माझा डाख वितळवून टाकला.

“पण मग एमसीबी का नाही पडली?” मी विचारले.

“ती कशाला पडंल? तिच्या लेखी गीझर चाललाय. जास्तीची करंट कुठं गेलीय?”

वाचकांच्या घरातील कर्त्या मंडळींनी हे वाक्य नीट ध्यानात घ्यावे म्हणून मुद्दाम त्यांच्याच शब्दांत दिले. एमसीबी पाहते ती वीज किती जाते हे. वाटेत ती कुठे अडखळते हे तिला दिसत नाही. शॉक बसू नये म्हणून जी दुसरी पेटी बसवतात तिलाही ते दिसत नाही. सैल सांध्याचा शोध लावणारे यंत्र आपल्या घरात एकच असते, आणि ते म्हणजे घरातल्या बाईचे नाक.

मिस्त्रींनी जळकी तार वीतभर मागेपर्यंत कापून टाकली, खिशातून तांब्याची एक छोटी नळी काढली, तारेच्या सोललेल्या टोकावर चढवली आणि दात असलेल्या एका मोठ्या चिमट्यात धरून दाबली. कर्र कर्र आवाज झाला, शेवटी टक् झाले आणि चिमटा आपोआप उघडला. विस्तव नाही, धूर नाही, राळेचा वास नाही. पाच सेकंदांत काम संपले. याला ते ‘लग मारणे’ म्हणतात. इंग्रजी नाव क्रिंपिंग. मला मात्र राहून राहून वाटे, हे नुसते चिमटलेले टोक वितळवून एकजीव केलेल्या टोकापेक्षा पक्के कसे असेल? आपल्या मनात ‘एकजीव’ या शब्दाला फार मोठा मान आहे. दाबून धरलेले ते कधीतरी सुटायचे, विरघळून मिसळलेले ते कायमचे, अशी आपली समजूत. ती शंका मिटेना, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपायच्या आत एका दुपारी मी शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रींच्या ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन बसलो.

उद्यमनगर आमच्या घरापासून फार दूर नाही; पण मराठीच्या प्राध्यापकाला तिथे जाण्याचे कारण सहसा पडत नाही. फाउंड्रीतले ओतीव, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, लेथचा चर्र आवाज, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांतून येणारा व्हार्निशचा वास. इथे मला कळले की दाबण्याच्या कामात नुसते चिमटणे नाही. मिस्त्रींनी एक दाबलेला लग शिकंजात धरून हॅक्सॉने आडवा कापला, कापलेला भाग पॉलिश पेपरवर घासला आणि भिंग माझ्या हातात दिले. मी पाहिले आणि थक्क झालो. तारेचे गोल केस आत गोल राहिलेच नव्हते! एकमेकांना रेटून ते मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे षट्कोनी झाले होते आणि दोन घरांमध्ये सुई घालायलाही जागा नव्हती. तांब्यावर हवेने नेहमी एक पातळ काळसर कवच धरलेले असते. दाब पुरेसा असला की केस एकमेकांवर घासून सरकतात, ते कवच फुटते आणि आतले कोरे तांबे कोऱ्या तांब्याला भिडते. मधली हवा बाहेर फेकली जाते आणि पुन्हा आत शिरू शकत नाही. म्हणजे एकजीव होणे इथेही आहेच. फक्त विस्तवाने नव्हे, दाबाने.

मला एकदम व्याकरणाचा तास आठवला. मी मिस्त्रींना म्हणालो, “म्हणजे सोल्डर हा संधी आणि तुमचे क्रिंप हा समास! विद्या आणि आलय वितळून विद्यालय होतात, तिथे एकाची हद्द कुठे संपते ते सांगता येत नाही. आणि पोळपाट म्हणजे पोळी लाटण्यासाठी पाट. तिथे मधले शब्द दाबून बाहेर काढलेले. मध्यमपदलोपी!”

मिस्त्री क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “त्ये समास-बिमास मला ठावं न्हाई, सर. डाय कुठल्या नंबराची हाय ती बघा आधी.”

आणि गंमत अशी, की सगळे मर्म त्या डायच्या नंबरातच आहे. दीड एमएमच्या तारेला वेगळा लग, अडीचला वेगळा, चारला वेगळा. आणि ज्या मापाचा लग त्याच मापाचा चिमट्यातला साचा. प्लास्टिकची टोपी असलेल्या लहान लगांना म्हणूनच रंग दिलेले असतात: बारीक तारेला तांबडा, त्याहून जाडीला निळा, त्याहून जाडीला पिवळा. लग मोठा आणि तार बारीक असली तर दाबूनही आत पोकळी राहते. माप चुकून दाब जास्त पडला तर केस तुटतात. चांगल्या चिमट्यात दात एवढ्यासाठीच असतात, की दाब पुरा होईतो तो उघडतच नाही. माणूस दमला, घाईत असला, त्याचे लक्ष उडाले तरी काम अर्धवट सुटत नाही. डाखाचे कौशल्य माणसाच्या हातात असते. दाबाचे कौशल्य कोणीतरी आधीच विचार करून हत्यारात घालून ठेवलेले असते.

हेच या विद्येच्या जन्माचे कारण. दुसऱ्या महायुद्धात विमाने आणि जहाजे झपाट्याने बांधायची होती. एकेका विमानात तारांची टोके अगणित, आणि प्रत्येक टोकाशी डाख घेऊन बसायला निष्णात हात आणायचे कुठून? १९४१ साली यू. ए. व्हिटेकर यांनी अमेरिकेत ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी काढली, ती डाखाविना जोडता येणारी टोके विमानांना आणि जहाजांना पुरवण्यासाठीच. युद्धाची घाई हे निमित्त झाले. पण लक्षात असे आले की घाईत काढलेली ही युक्ती मूळच्या पद्धतीपेक्षा काही ठिकाणी सरसच आहे. विशेषतः जिथे हादरा आहे तिथे.

हादऱ्याची गोष्ट मला उद्यमनगरातच डोळ्यांनी दिसली. एका इंजिनावरची तुटलेली तार मिस्त्रींनी दाखवली. डाख होता तसा शाबूत होता! तार तुटली होती ती डाख जिथे संपतो त्याच्या केसभर पलीकडे. झाळताना पातळ झालेला डाख तारेच्या केसांमधून आत चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढते तसा. जिथवर चढला तिथवर तार काडीसारखी ताठ, त्यापुढे दोरीसारखी लवचिक. इंजिन दिवसभर थरथरते, आणि सारी थरथर त्या एका सीमेवर येऊन पडते. पत्र्याचा तुकडा एकाच घडीवर पुढे-मागे वाकवत राहिलो की तुटतो, तशी तार तिथे तुटते. म्हणूनच मोटारींमधील वायरिंगची टोके जवळजवळ सगळी दाबलेली असतात. बोटींसाठी अमेरिकेत जे नियम पाळतात, त्यांतही तारेच्या सांध्याला डाख हाच एकमेव आधार असता कामा नये असे सांगितलेले आहे. अपवाद केवळ बॅटरीच्या काही टोकांचा.

“मग आधी दाबायचं आणि वरून सोल्डरही सोडायचं. दुप्पट बळकट!” मी सुचवले. हा प्रश्न बहुधा प्रत्येक शहाणा माणूस विचारतो, कारण मिस्त्रींकडे उत्तर तयार होते. नीट दाबलेल्या लगमध्ये डाखाला शिरायला जागाच नसते. आणि जर शिरला तर दोन गोष्टी सिद्ध होतात: दाब नीट बसला नव्हता, आणि आता वरून वातीचा दोषही आला.

जमिनीखालून जाणाऱ्या मोठ्या केबलींचा हिशेब तर याहून बोलका आहे. हल्लीच्या एक्सएलपीई वेष्टनाच्या केबलीत शॉर्ट सर्किट झाले, तर ते काही सेकंद तिला २५० अंशांपर्यंत तापू देतात. वेष्टन तेवढे सोसते. पण त्याच केबलीचे सांधे डाखाचे असतील तर मर्यादा १६० वर आणावी लागते. सबंध केबल किती सोसू शकते ते अशा वेळी तिचा सर्वांत मऊ सांधा ठरवतो.

अॅल्युमिनियमच्या तारेपुढे तर डाख जवळपास हातच टेकतो. भारतात तांब्याच्या टंचाईमुळे साठच्या दशकापासून पुष्कळ घरांत अॅल्युमिनियमच्या तारा आल्या. जुन्या वाड्यांतून अजून सापडतात. अॅल्युमिनियम वितळते ६६० अंशांना, पण त्यावर हवेने क्षणार्धात जे कवच धरते ते वितळायला दोन हजारांच्या वर अंश लागतात. त्या कवचावर डाख केळीच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. म्हणून मनोऱ्यांवरून जाणाऱ्या ज्या थोरल्या विजेच्या तारा आपण एसटीच्या खिडकीतून पाहतो, त्यांचे सांधे जाड नळी चढवून प्रचंड दाबाने आवळलेले असतात. अॅल्युमिनियमला तांबे नुसते वळून जोडणे मात्र वाईट. ओल मिळाली की त्या दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. त्यासाठी एका बाजूने तांब्याचा आणि दुसऱ्या बाजूने अॅल्युमिनियमचा असा जोडलग मिळतो.

आमच्या जिल्ह्यात लगचे माहात्म्य खरे कळते ते नदीकाठच्या शेतकऱ्याला. पंचगंगेच्या काठाने उसाला पाणी देणाऱ्या मोटारी पावसाळ्यात पाणी चढू लागले की वर ओढून काढाव्या लागतात, आणि पूर ओसरला की पुन्हा बसवाव्या लागतात. दर खेपेला तार तोडायची आणि पुन्हा झाळायची म्हटले तर शेत राहील बाजूला. लग असला की नट सोडायचा, मोटार काढायची. नट आवळायचा, मोटार सुरू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी इतके झपाट्याने चढले की शहराच्या सखल पेठा आणि हमरस्तासुद्धा पाण्याखाली गेला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. कितीतरी मोटारी गाळातून उपसून रिवाइंडिंगला आल्या. तेव्हाचा एक धडा मिस्त्रींनी सांगितला. लग कितीही पक्का असो, त्याच्या मागची उघडी तार पाणी पिते. केसांमधून ते वर वर चढते आणि तांबे हिरवे पडते. तेव्हा ओलीच्या जागी लगवर आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी नळी चढवावीच लागते.

हे सारे ऐकून मी डाखाचा वैरी झालो असेन असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही, याचे श्रेय गुजरीला. त्याच आठवड्यात आईच्या कोल्हापुरी साजाचे एक पान सुटले म्हणून गुजरीत जाणे झाले. सोनाराने सुटलेला भाग घासून लख्ख केला, टाकणखार लावला, डाखाचा तिळाएवढा तुकडा ठेवला आणि बकनळीने ज्योत फुंकली. ज्योत डाखावर नव्हे, दागिन्यावर! दागिना तापला आणि डाख आपण होऊन फटीत ओढला गेला. इथे लग मारा म्हणेल असा माणूस जन्मायचा आहे. शेजारच्या हुपरीत चांदीच्या पैंजणाची कडी न् कडी याच विद्येवर उभी आहे. सोनाराचा आणि रेडिओवाल्याचा नियम एकच: जागा स्वच्छ, फट बारीक, आणि उष्णता कामाला द्यायची, डाखाला नव्हे. नुसत्या डाखालाच आयर्न टेकवून वरून थेंब पाडला की वर गोळी चकाकते आणि खाली काही धरलेले नसते. माझ्या बालपणीचे निम्मे सांधे याच जातीचे होते, हे मला पंचेचाळिशीत कळले.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगतो. कल्हईवाला नवसागर वापरतो म्हणून कोणी विजेच्या तारेला नवसागर किंवा नळकामाचा आम्लाचा लेप लावू नये. तो मागे राहून तांबे खात बसतो. तारेला फक्त राळ. शिवाय डाखात शिसे आहे. काम झाल्यावर हात धुतल्याखेरीज फराळाच्या ताटाला हात लावू नये. युरोपात २००६ च्या जुलैपासून घरगुती विद्युत उपकरणांतून शिशाचा डाख जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी कथील, चांदी आणि तांबे यांचा डाख आला. तो वितळायला २१७ अंश लागतात. सोनारांच्याकडचा कॅडमियमचा ‘केडीएम’ डाखही धुरातल्या विषामुळेच मागे पडत गेला.

रेडिओ, टीव्ही, मोबाइल यांच्या पोटातल्या पट्ट्यांवर डाखाला आजही तोड नाही. तिथे वीज थोडी, जागा मुंगीएवढी, आणि भाग पट्टीवर घट्ट बसलेला, हलणारा नव्हे. मोटारीच्या गुंडाळीतले सांधेसुद्धा पीळ देऊन झाळतात. पण वरून नळी आणि व्हार्निश चढवून ते असे जखडतात की हलण्याची सोय नाही. बाहेर येणाऱ्या टोकांना मात्र लग. अंतराळयाने धाडणाऱ्या नासानेसुद्धा डाखकामासाठी एक आणि दाबकामासाठी दुसरी अशी दोन वेगळी प्रमाणपुस्तके ठेवली होती. वडिलांचा रेडिओ मी त्या रविवारी उघडून पाहिला. धुळीने भरलेला, पण साठ वर्षांपूर्वीचे सांधे एकूण एक जागेवर होते.

आता दाबाची वाईट बाजू. खराब डाख पुष्कळदा डोळ्यांना दिसतो. तो निस्तेज आणि खडबडीत असतो. खराब दाब दिसत नाही. आमच्याकडे लग म्हणजे साध्या पक्कडीने चेपायची वस्तू, असे समजणारे कारागीर कमी नाहीत. पक्कडीने चेपलेला लग वरून अगदी साळसूद दिसतो. आत केस सुटे फिरत असतात. मिस्त्रींनी तसाही एक कापून दाखवला. पोळे कुठले, डब्यात साबुदाणा हलावा तसे केस होते. तो लग माझ्या झाळलेल्या टोकाइतकाच घातक. म्हणून आता घरी कोणी विजेचे काम करायला आले की मी दोनच गोष्टी पाहतो. एक, त्यांच्या पिशवीत दाताचा चिमटा आहे की नाही. दोन, लग मारल्यावर ते तार जोराने ओढून पाहतात की नाही. जो ओढून पाहतो त्याला चहा मिळतो. न ओढणाऱ्यालाही मिळतो, पण मग तार मी ओढतो, अर्थात मुख्य स्विच पाडून.

आमच्या घरातले गीझर, इस्त्री, पाण्याची मोटार आणि मिक्सर यांचे सॉकेट मिस्त्रींनी एकेक करून खोलले. माझ्या हातची आणखी दोन चांदीची टोके निघाली. एक इस्त्रीचे होते आणि त्याचा रंग पालटू लागला होता. केसांच्या तारांना त्यांनी पिन लग मारले, म्हणजे स्क्रूखाली बोथट खिळ्यासारखी भरीव काडी जाते. ते लग वरून पांढरे दिसले तेव्हा मला संधी मिळाली. “ही कल्हईच ना? मग माझ्या कल्हईने काय पाप केले?” ते म्हणाले, “ही कल्हई कागदाएवढी बी न्हाई सर, गंजू नये म्हणून. आत सगळं तांबं. तुमचं म्हंजी कल्हईचंच भांडं केलेलं.”

पुढची दिवाळी आली. आदल्या रात्री मुलाची दिव्यांची माळ बंद पडली, तेव्हा मी कपाटातून सोल्डरिंग आयर्न काढला. बारीक तार, चिमूटभर वीज, वर नळी चढवायची. इथे डाखच हवा. राळेचा वास दरवळला तशी आई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

“ते कुठे लावतोयस?”

“माळेला.”

“माळेलाच ना?”

पहाटे चार वाजता गीझर लावला. वीस मिनिटांनी आई टॉवेल खांद्यावर टाकून आल्या, आत जाण्याआधी कोरडा तळहात उलटा करून सॉकेटच्या चेहऱ्यावर टेकवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवतात तसा, आणि म्हणाल्या, “गार आहे.” मग कडी लावून घेतली.